‘हॅमार्शिया’ आणि ‘चुकणे’ : मराठी पर्यायांचा एक विचार

अॅरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणातील ‘हॅमार्शिया’ ही संज्ञा मराठी समीक्षेत सामान्यतः ‘दोष’, ‘प्रमाद’ किंवा ‘स्खलन’ या शब्दांनी ओळखली जाते. हे पर्याय परस्परांच्या जागी वापरता येतील असे गृहीत धरले जाते. ते तसे नाहीत.

ग्रीक संज्ञेच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ नेम चुकणे असा आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये फेकलेला भाला शत्रूला लागला नाही, की हेच क्रियापद येते. पुढे ते वाट, विचार व आचरण यांच्या चुकण्यालाही लागू झाले, आणि ‘नव्या करारा’त तर पापाचा वाचक बनले. (हिब्रू ‘शास्ते’ ग्रंथात केसावरही नेम न चुकणाऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे, तेथील धातूही पापवाचकच आहे.) अॅरिस्टॉटलच्या विवेचनात मात्र हा पापार्थ आणता येत नाही. शोकात्मिकेचा नायक दुष्टपणामुळे नव्हे, तर कोणत्यातरी हॅमार्शियामुळे विपत्तीत पडतो, असे तो म्हणतो. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागातही तो दुर्दैव, चूक आणि अन्याय यांत भेद करतो. तिथली चूक दुष्ट हेतूविना घडते; तरीही तिचा उगम कर्त्यापाशीच असतो.

‘दोष’ या शब्दाने नेमका हाच भेद पुसला जातो. ‘दुष्’ म्हणजे बिघडणे. दोष व्यक्तीत वास करतो, कृतीत नव्हे. ब्रॅडलीच्या 1904 मधील शेक्सपिअर-विवेचनाचा आपल्या अध्यापनावर पडलेला प्रभाव या पर्यायाला पोषक ठरला असावा. परिणामी ईडिपसचा उतावीळपणा किंवा अहंकार शोधून काढणे हा परीक्षेतील ठरीव प्रश्न होऊन बसला! वस्तुतः ईडिपस भाकीत टाळण्यासाठीच कोरिंथ सोडतो, आणि तिठ्यावर अनोळखी म्हणून ज्याला मारतो तो त्याचा पिता असतो. नेम धरलेला होता. लक्ष्य मात्र वेगळे निघाले.

‘प्रमादा’त ‘मद्’ धातू आहे. बेसावधपणा, धुंदी हा त्याचा गाभा. ‘एकच प्याला’तील (1919) सुधाकरासाठी हा शब्द अक्षरशः चपखल आहे, ईडिपससाठी नाही.

आता ‘चुकणे’ पाहू. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’ धातूच्या आदेशांमध्ये ‘चुक्क’ आणि ‘भुल्ल’ शेजारीशेजारी येतात. मराठीत नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, हिशेब चुकतो, आणि मरण कोणालाच चुकत नाही. निव्वळ वेध न लागण्यासाठी ‘हुकणे’ आहे. पण हुकण्यात जबाबदारीचा लवलेश नाही, म्हणून तो पर्याय अपुरा. ‘मी चुकलो’ आणि ‘माझे चुकले’ यांतील अंतर तर अधिकच अर्थपूर्ण आहे. पहिल्यात सबंध माणूस चुकतो. दुसऱ्यात नपुंसकलिंगी, अनाम असे काहीतरी चुकते, तरी ते ‘माझे’च राहते. हॅमार्शियाची नैतिक जागा या दुसऱ्या वाक्यात आहे.

‘नटसम्राट’मधील (1970) गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करतात. यात औदार्य आहे, भाबडेपणा आहे, आणि थोडा नाटकीपणाही. ‘दोष’ हा शब्द धरून चालणारा समीक्षक त्यांतील एकावर बोट ठेवील. ‘चूक’ म्हटले म्हणजे लक्ष त्या एका कृतीवर स्थिर होते : प्रेमाने दिले, ज्यांना दिले त्यांना ओळखले नाही. ‘चूक’ हा शब्द घरगुती असल्याने शास्त्रीय परिभाषेला शोभत नाही, असा आक्षेप येईल. पण ग्रीकांसाठी ‘हॅमार्शिया’ हा तरी कुठे पारिभाषिक शब्द होता?