पगार महिन्याचा, पीक हंगामाचे : कुटुंबाचे अंदाजपत्रक

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला व १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर पिंपरी-चिंचवड, भोसरी व पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग उभी राहिली. परिणामी खेड व मावळ तालुक्यांतील अनेक घरांत आज दोन प्रकारचे उत्पन्न येते. मुलगा कारखान्यात कंत्राटी कामावर असतो व वडीलधारी माणसे शेतात कांदा-बटाटा पिकवितात. पगार दरमहा येतो, परंतु कंत्राट संपताच थांबतो. कांद्याची पट्टी वर्षातून एकदोनदाच हाती पडते. या दोहोंची सांगड न घातल्यास कमावते घरही कर्जात बुडते.

अंदाजपत्रक वर्षाचे करावे

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. कंत्राटी कामाचा हाती पडणारा पगार दरमहा १५,००० रुपये असून वर्षातून १० महिनेच काम मिळते. म्हणजे १,५०,००० रुपये झाले. पुढील हंगामाचे बियाणे, खत व मजुरी यांची रक्कम वेगळी काढल्यावर कांद्याचे ६०,००० रुपये उरतात. एकूण उत्पन्न २,१०,००० रुपये.

दरमहा खर्च पुढीलप्रमाणे धरू :

धान्य व किराणा : ६,०००
वीज, गॅस व मोबाइल : १,५००
प्रवास व पेट्रोल : १,५००
मुलांचे शिक्षण : २,०००
औषधपाणी : १,०००
सणवार व लग्नकार्य : १,५००
कपडे व किरकोळ : २,०००
एकूण : १५,५०० रुपये

कामाच्या १० महिन्यांत पगार दरमहा ५०० रुपयांनी कमी पडतो. ही तूट ५,००० रुपये. बिनकामाच्या दोन महिन्यांचा खर्च ३१,००० रुपये. म्हणजे कांद्याच्या ६०,००० रुपयांपैकी ३६,००० रुपयांची वाट अगोदरच ठरलेली आहे. खरी शिल्लक केवळ २४,००० रुपये. पट्टी हाती येताच सर्व रकमेची मोटारसायकल घेणारे कुटुंब बिनकामाच्या महिन्यांत उसनवारीवर येते, त्याचे कारण येथे आहे.

शिल्लक कोठे ठेवावी

प्रथम दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत स्वतंत्र खात्यात जमवावी. बँकेतील ठेवीस प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस वा भिशीस हे संरक्षण नाही. ही शिलकीची रक्कम शेतीच्याही उपयोगी पडते. घरात पैसा नसला की उन्हाळी कांदा मिळेल त्या भावाने काढणीनंतर लगेच विकावा लागतो. शिल्लक असल्यास निवडलेला, चांगला सुकविलेला कांदा चाळीत ठेवून बाजार पाहता येतो. मात्र चाळीत वजन घटते व काही कांदा सडतो. म्हणून सर्व माल एकाच वेळी न विकता टप्प्याटप्प्याने विकणे हिताचे ठरते.

कर्ज घ्यावे लागल्यास

व्याजाचा दर महिन्याचा की वर्षाचा, हे प्रथम विचारावे. शेकडा पाच रुपये महिना हा दर ऐकण्यास लहान वाटतो. परंतु तो वर्षाला शेकडा ६० होतो. २०,००० रुपयांवर दरमहा १,००० रुपये व्याज भरूनही वर्षाअखेर मुद्दल जसेच्या तसे राहते. शेतीसाठी विविध कार्यकारी सोसायटी अथवा बँकेचे पीककर्ज घ्यावे. मुदतीत फेड केल्यास व्याजात सवलत मिळते. पीककर्ज लग्नकार्यास खर्च करू नये. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्यान्वये गुन्हा असून तक्रार सहकार खात्याच्या तालुका निबंधक कार्यालयात करता येते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या बैठकीत वरील तक्ता फळ्यावर मांडावा व प्रत्येकीकडून स्वतःच्या घराचे आकडे वहीत लिहवून घ्यावेत. कोणाचेही आकडे चारचौघांत वाचून दाखवू नयेत. हिशेबास पतिपत्नी व कमावता मुलगा एकत्र बसतील असे पाहावे. कारण ज्याला हिशेब ठाऊक नाही, त्याच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. कंत्राटाची मुदत कोणत्या महिन्यात संपते, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. पेरणीची तारीख ज्या दक्षतेने आपण पाहतो, त्याच दक्षतेने ही तारीखही पाहिली पाहिजे.