गावची सभा

मिरज तालुक्यातील माधवनगर हे सांगलीस अगदी लागून आहे; तरी तेथील कारभार ग्रामपंचायतीचा आहे. मुलांनो, पंच निवडून येतात हे तुम्हांस ठाऊकच आहे; पण मतदारयादीतील प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद असतो. १९५८ च्या कायद्यानुसार पंचायतीस आपला जमाखर्च या सभेपुढे मांडावा लागतो. सभेस एकूण मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके हजर हवेत. मोठ्या गावात शंभर माणसे म्हणजे काही फार नव्हेत! तरीही पुष्कळदा ती जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. मेख येथेच आहे. तहकूब सभा पुन्हा भरली, की संख्येची अट उरत नाही. मग नळ कोणत्या गल्लीस आधी, हे दहावीस माणसांच्या संमतीनेही ठरून जाते.

स्कॉटलंडमधील खेड्यांतही १९७३ च्या कायद्यान्वये लोकमंडळे स्थापन झाली. परंतु त्यांस कर बसविता येत नाही, केवळ गावाचे म्हणणे वरिष्ठांपुढे मांडता येते. आपली पंचायत घरपट्टी घेते, पाणीपट्टीही घेते. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा भरते. तेथे त्या पाणीपट्टीचा हिशेब कोणतीही बाई उभी राहून विचारू शकते.