तलावात आधी गवत रोवा, मग मासोळी सोडा



ज्या गटांनी गावचा तलाव किंवा बोडी मासोळीसाठी घेतली आहे, त्यांच्या हिशेबाच्या वहीत एक खर्च दरवर्षी ठरलेला असतो, मत्स्यबीजाचा. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली आणायची, सोडायची, वाढली की विकायची, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पैसे काढायचे. हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी देतात. साचलेल्या तलावात त्यांची पिल्लं होत नाहीत. आपले मरळ, शिंगी, वाम यांचं मात्र तसं नाही. ते तलावातच अंडी देतात, तिथंच वाढतात आणि बाजारात मरळीला काय भाव मिळतो ते तुम्हाला सांगायला नको. मग ते कमी का झाले? जाळं, उपसा, शेतातली औषधं ही कारणं आहेतच. पण एका कारणाकडे आपण बघतच नाही. तलावातलं गवत गेलं. पिल्लांना लपायला जागा नाही, खायला किडे नाहीत, अंडी चिकटवायला पान नाही.

गवत म्हणजे कोणतं, हे आधी नीट समजून घेऊ. जलपर्णी हे ते गवत नाही. ती वर तरंगते, पाणी झाकून टाकते, खाली ऊन जाऊ देत नाही. चंद्रपूरच्या रामाळा तलावाची काय दशा झाली होती ते अनेकींनी पाहिलं आहे. त्या तलावासाठी 2021 मध्ये इको-प्रोच्या बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावं लागलं. काठावरची बेशरम हेही ते गवत नाही. जलपर्णी आणि बेशरम या दोन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेकडच्या, आपल्याकडे पाहुण्या म्हणून आल्या आणि घरधनीण होऊन बसल्या.

आपल्याला हवं ते गवत तळाच्या गाळात मूळ धरतं आणि पाण्याखालीच राहतं. त्यातलं मोठं आणि लावायला सोपं म्हणजे व्हॅलिसनेरिया. नाव अवघड आहे, पण वनस्पती तुमच्या ओळखीची असेल. हिरव्या फितीसारखी लांब, मऊ पानं एकाच बुडख्यातून निघतात आणि पाण्यात लहरत असतात. गावागावांत तिला वेगळी नावं आहेत. एक पान हातात घेऊन ढिवर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, ती नाव सांगेल आणि पूर्वी कुठं होती ती जागाही दाखवेल. शहरात काचेच्या पेटीत मासे पाळणारे लोक हीच वनस्पती दुकानातून पैसे देऊन आणतात. त्या दुकानात ॲमेझॉन स्वोर्ड नावाचीही मोठ्या पानांची, मुळं धरणारी वनस्पती मिळते. ती पेटीतच राहू द्या, तलावात सोडू नका. एक जलपर्णी पुरे झाली.

हे काम आपल्या शेजारी झालेलं आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना आणि गावातल्या बायांना सोबत घेऊन मामा तलावांत देशी पाणवनस्पती लावल्या. आधी बेशरम काढली, कडक झालेला तळ नांगरला, मग दुसऱ्या तलावांतून रोपं आणून रोवली. गवत वाढलं तसे गावठी मासे आणि पक्षी परत आले. कोणती वनस्पती कुठं लावायची हे ज्ञान ढिवरांकडेच होतं, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता पद्धत. तुम्ही धानाची रोवणी करता, म्हणजे निम्मं काम तुम्हाला येतंच.

उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या काठावरची बेशरम मुळासकट खणा. नुसती कापून पाण्याजवळ टाकली तर तिच्या तुकड्यालाही मूळ फुटतं. दूर नेऊन वाळवा. शेळ्यांना खाऊ देऊ नका, ती विषारी आहे. मग तेवढ्या पट्ट्यात नांगर किंवा कुदळ फिरवा. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर पाणी आलं की रोवणी. जिथून नाल्याचं गढूळ पाणी येतं ती बाजू टाळा.

रोपं जिथं दाट असतील तिथून, मुळासकट, थोडी थोडी काढा. ताडोब्यातून किंवा कोणत्याही अभयारण्यातून नाही, तो गुन्हा होईल. आणताना ओल्या गोणपाटात गुंडाळा. पानं वाळली की संपलं. पऱ्ह्यांसारखी पेंडी बांधून उन्हात ठेवली तर तासाभरात माना टाकतात.

रोवताना एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. मूळ गाळात, बुडखा गाळाच्या वर. पांढरं मूळ संपून हिरवं पान सुरू होतं तो सांधा दिसला पाहिजे. तो दाबला गेला तर रोप आतून सडतं. धान रोवताना हाताला खोल दाबायची सवय असते, तिथं जरा जपा. दोन रोपांत वीतभर अंतर पुरे. 10 फूट बाय 10 फुटांच्या तुकड्याला साधारण 180 रोपं लागतील. सुरुवात एवढ्यावरच करा. पाणी खोल असेल तर मुळांभोवती चिकणमातीचा गोळा थापा आणि अलगद सोडा, वजनाने रोप बसतं. भोवती बांबू रोवून जुनं जाळं बांधा, नाहीतर म्हशी एका दुपारी सगळं तुडवतील.

पहिल्या पंधरा-वीस दिवसांत जुनी पानं गळतील, काही कुजतील. घाबरून उपटू नका. मधून कोवळं पान येतंय का ते बघा. ते आलं की रोप लागलं. पुढे ती स्वतःच गाळावरून दोरीसारखे फुटवे सोडते आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला नवं रोप धरते. ही झाली तुमची रोपवाटिका, फुकट. गटाजवळ सिमेंटचं टाकं असेल तर त्यातही रोपं करता येतात. तळाला चार बोटं तलावाचा गाळ, वर थोडी रेती, दीड फूट पाणी आणि चांगलं ऊन. डासांसाठी दोन-चार बारक्या गावठी मासोळ्या सोडा.

तिचं खरं खाणं ऊन आणि गाळ. शेण, युरिया टाकू नका. खतानं पाणी हिरवंगार होतं आणि तळाशी उजेड पोचत नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा स्पष्ट दिसला तर उजेड ठीक आहे. पाऊस संपल्यावर आठवड्यातून एकदा हे बघायला कोणाची तरी पाळी लावा. गवत फार माजलं तरी त्रास होतो. दिवसा ते पाण्याला प्राणवायू देतं, पण रात्री स्वतःच घेतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर मधलं गवत विरळ करा. माझ्या मते तलावाचा पाव हिस्सा गवताला आणि बाकी मोकळा, एवढं सोयीचं पडतं.

आणि बीज घेताना विचारून घ्या. गवत्या म्हणजे ग्रास कार्प गवतच खातो, सायप्रिनस तळ उकरून मुळं मोकळी करतो. तुम्ही रोवायचं आणि त्यांनी जेवायचं! रोवलेलं गवत जोर धरेपर्यंत हे दोन्ही तलावात नकोत. स्वस्त मिळाले तरी नकोत.

तलाव कोणाचा, हा प्रश्न कामाआधीच सोडवा. काही पाटबंधारे विभागाकडे, काही जिल्हा परिषदेकडे असतात, आणि मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार संस्थेकडे असतो. त्या संस्थेला डावलून काही करू नका, त्यांच्यासोबत बसा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत 2006 च्या कायद्याने मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवर गावाचा हक्क आहे. तिथं ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तो बायांच्या तोंडून मांडला जाऊ द्या.

ठरावात आणखी एक ओळ घालायला सांगा. गाळ काढायला जेसीबी येतो तेव्हा सगळा तळ खरवडला जातो, आणि गाळात झोपलेलं बी, मुळं, कंद ट्रॉलीत भरून शेतावर जातात. गाळ शेताला चांगलाच आहे, काढूच नका असं मी म्हणत नाही. पण ज्या काठाला उथळ पाणी राहतं तिथला एक पट्टा न खणता सोडायचा, असं लेखी असू द्या. जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी तिथं बांबू रोवून खूण करा. चालकाला ठराव कोण दाखवणार?