यंत्रमानवाचा खर्च आणि नापिकीचें वर्ष

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यांतील गोष्ट. लोहा तालुक्यांतील एक पालक शाळा सुटल्यावर मला भेटावयास आले. त्यांचा मुलगा आपल्या यंत्रमंडळांत होता. बारीक तारा जोडण्यांत त्याच्याइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. पालक उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, पोराचं नांव तेवढं यादीतनं काढा. सोयाबीन गेलं पाण्यांत. पांचशे रुपये ह्या वर्षाला होत नाहींत बघा." त्यांनीं तक्रार केली नाहीं, सवलतही मागितली नाहीं. पांचशेंचा आंकडा मींच ठरविला होता, आणि तो ठरवितांना वीस मुलांच्या घरीं काय पिकलें हें मीं विचारलें नव्हतें. विद्यार्थिमित्रांनो व पालकबंधुभगिनींनो, त्या दिवसापासून मीं या प्रश्नाचा जो थोडाबहुत अभ्यास केला, तो येथें मांडीत आहें.

'मंदी' हा शब्द वाचला कीं मुंबईचा शेअरबाजार डोळ्यांपुढें येतो. आपल्या मराठवाड्यांत ती बहुधा आभाळांतून येते. सन २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरकरांकरितां मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पांच लाख लिटर पाणी होतें. उलट सन २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत पाणी इतकें झालें कीं नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांतील उभीं पिकें त्याखालीं गेलीं. पीक गेलें कीं मोंढा थंडावतो, मोंढा थंडावला कीं कापडाचें दुकान रिकामें राहतें, आणि घरोघर खर्चाची जी यादी होते तींतून प्रथम वगळलें जातें तें मुलाच्या हौसेचें कलम.

पण यंत्रमानव ही निव्वळ हौस आहे काय? पुष्कळांच्या मनांत यंत्रमानव म्हणजे चालणारा-बोलणारा लोखंडी पुतळा असतो. वस्तुतः जें यंत्र भोंवतालची कांहीं खूण ओळखतें, तिजवरून पुढें काय करावें हें दिलेल्या सूचनांप्रमाणें ठरवितें आणि स्वतः हालचाल करतें, तो यंत्रमानव. सन २००८ मध्यें आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' स्पर्धा पुण्यास भरली, तेव्हां तिचा विषय चक्क आपली दहीहंडी होता! शाळेच्या पायरीवर मात्र काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी चारपांच इंचांची गाडी पुरे. ती करतांना विजेचें मंडल, चाकांचा वेग, तर्कशुद्ध सूचना लिहिणें व मुख्य म्हणजे चूक कोठें आहे हें धीरानें शोधणें, या गोष्टी मुलाच्या हातीं लागतात.

आतां अशा गाडीचा खर्च पाहूं. तिचा मेंदू म्हणजे 'आर्डुइनो' नांवाचा छोटा बोर्ड. इटलींतील इव्रिया गांवीं सन २००५ मध्यें विद्यार्थ्यांना परवडावा याच हेतूनें तो निर्माण झाला, आणि त्याची रचना सर्वांस खुली असल्यामुळें त्याच्या स्वस्त प्रतिकृति बाजारांत मिळतात. तो सुमारें चारशे रुपये, मोटारींना प्रवाह पुरविणारा जोडबोर्ड दीडशे, दांतेरी चक्रांच्या दोन मोटारी चाकांसह दोनशे, रेषा ओळखणारे सेन्सर दीडशे, सेल व ते भरण्याचें साधन तीनशे, तारा-स्क्रू शंभर, एकूण तेराशे. चार मुलांत एक गाडी धरली तर वीस मुलांस पांच गाड्या, म्हणजे साडेसहा हजार रुपये. मीं मुलांकडे मागितले होते दहा हजार! कारण सुंदर खोक्यांतून येणारा तयार संच घेण्याचा मोह मला झाला होता. संचांतील प्लास्टिकचा सांगाडा पुठ्ठ्याचा अगर प्लायवुडच्या तुकड्याचा करतां येतो. शिवाय बोर्ड, मोटारी, सेन्सर हे भाग सोडवून पुढच्या वर्षीं वापरतां येतात; झिजतात ते सेल आणि तारा. हा हिशेब मीं आधीं फळ्यावर मांडावयास हवा होता.

साडेसहा हजार तरी कोठून आणावयाचे? "सर, एखादी मोठी कंपनी गांठा," असें मला अनेकांनीं सुचविलें. तो मार्ग टाकाऊ नाहीं, पण त्याचा स्वभाव ओळखून ठेवावा. कंपनी कायदा, २०१३ याच्या १३५ व्या कलमान्वयें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावयाची असते. शिक्षण त्यांत येतें. आठवीच्या विद्यार्थ्यांनीं येथें वही उघडावी. एका कंपनीस तीन वर्षें दरसाल तीस कोटी नफा झाला. दोन टक्के म्हणजे साठ लाख. पुढें मंदी येऊन एका वर्षीं नफा सहा कोटींवर उतरला. आतां सरासरी बावीस कोटी, आणि रक्कम चव्वेचाळीस लाख. त्यानंतर नफा पूर्ववत् तीस कोटी झाला तरी तें सहा कोटींचें वर्ष सरासरींत ठाण मांडून बसलेलेंच; म्हणून पुढचीं दोन वर्षेंही चव्वेचाळीस लाखच. ज्वर एका वर्षाचा, अशक्तता तीन वर्षांची! आणि नफा पांच कोटींच्या खालीं जाऊन कायद्यांतील इतर मर्यादाही भरल्या नाहींत, तर त्या कंपनीवरील बंधनच सुटतें. शिवाय कायदा आपल्या कामाच्या ठिकाणच्या प्रदेशास प्राधान्य द्यावयास सांगतो. मोठे कारखाने जेथें थोडे, तेथें हा ओघ कितीसा पोंचणार? सरकारी साह्यही आहे. सन २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा या योजनेंत निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळालें. दहा लाख उभारणीस व दहा लाख पांच वर्षें चालविण्यास. पण निवड होईपर्यंत आठवींतला मुलगा दहावी होऊन जातो.

मोठ्या आश्रयदात्यावर मंदी कोसळते तेव्हां काय होतें, हें अमेरिकेंतील मिशिगन प्रांतानें पाहिलें. डीन केमन या संशोधकानें सन १९८९ मध्यें 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९२ पासून तिच्या शालेय यंत्रमानवस्पर्धा चालू आहेत. एका संघाचें प्रवेशशुल्कच पांच-सहा हजार डॉलरच्या घरांत. मिशिगन हा मोटारींच्या कारखान्यांचा प्रांत. तेथील कित्येक संघ त्या कारखान्यांच्या आधारावर उभे होते. सन २००९ च्या एप्रिलमध्यें क्रायस्लरनें व जूनमध्यें जनरल मोटर्सनें दिवाळें काढलें. मला महत्त्वाचें वाटतें तें असें कीं त्याच वर्षीं तेथील संयोजकांनीं स्पर्धेची घडीच बदलली. मोठीं भव्य क्रीडागारें भाड्यानें घेण्याऐवजीं शाळांच्या व्यायामशाळांत लहान-लहान स्पर्धा भरविल्या, आणि पूर्वीं एका स्पर्धेस लागणाऱ्या शुल्कांत प्रत्येक संघास दोन स्पर्धा खेळावयास मिळाल्या. मुलांचा खेळ कमी झाला नाहीं. कमी झाला तो थाट. पुढें इतर प्रांतांनींही हीच पद्धति उचलली.

त्याहून मला आवडते ती सन २००४ ची हकीकत. ॲरिझोना प्रांतांतील फीनिक्स शहरीं कार्ल हेडन ही गरीब वस्तींतील शाळा. मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांतील चार मुलांनीं नळकामाचे प्लास्टिकचे पाइप जोडून पाण्याखालीं चालणारें यंत्र केलें. जमविलेला पैसा सुमारें आठशे डॉलर. स्पर्धेच्या ठिकाणीं विजेच्या भागांत पाणी झिरपूं लागलें, तेव्हां दुकानांतून शोषक कापसाच्या वळ्या आणून त्यांनीं तें टिपून घेतलें. त्या स्पर्धेंत हजारों डॉलरांचें साह्य मिळालेला एम्. आय्. टी. या जगप्रसिद्ध संस्थेचा संघ दुसरा आला. पहिली आलीं तीं हीं मुलें. अर्थात् गरिबीनें बुद्धि वाढते असा कोणी यांतून अर्थ काढूं नये. त्यांना दोन शिक्षक असे लाभले होते कीं जे शाळा सुटल्यावर घरीं जात नसत.

आपल्या महाराष्ट्रांत तर याचा धडा शंभर वर्षांपूर्वींच गिरविला गेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकाकडून वर्षास एक पैसा मागून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठिंबा दिला, आणि त्यांतून सन १९०८ मध्यें तळेगांव येथें कांचेचा कारखाना निघाला. तेथें तरुणांना कांचकाम शिकवीत. सन १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं घरोघरच्या मूठमूठ धान्यावर मुष्टिफंड चालविला. वसतिगृहांतील मुलें उपाशी राहूं नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने विकले. एक पैसा देणारा बुडाला तरी फंड बुडत नाहीं, हें त्याचें बळ. परंतु एक एक पैसा गोळा करण्यास जे पाय झिजतात त्यांचा हिशेब कोणी लिहीत नाहीं. अंताजीपंतांचें बहुतेक आयुष्य त्या फिरण्यांतच गेलें.

या वाचनानंतर आपल्या मंडळाची व्यवस्था बदलली आहे. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेणें बंद केलें. घेतलेलें परत दिलें. शिक्षकांच्या खोलींत झांकणाला फट पाडलेला डबा ठेवला आहे. ज्यास जें टाकावयाचें तें टाकावें. देणाऱ्यांची यादी लावावी अशी एक सूचना आली होती, ती मीं मानली नाहीं. यादींत ज्याचें नांव नसतें त्याचें तेवढेंच लोक वाचतात, आणि मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचें नांवही शुभवर्तमानांत दिलेलें नाहीं. खर्चाचा हिशेब मात्र पैन्‌पैचा, दर शनिवारीं सूचनाफलकावर लागतो व तो विद्यार्थीच लिहितात. श्रमाच्या बाबतींत आपल्या नांदेडास धडा शोधावयास दूर जावें लागत नाहीं. सचखंड हुजूर साहिब येथील लंगरांत रोज किती हात विनामोबदला राबतात हें सर्वांनीं पाहिलें आहे.

तो लोह्याचा मुलगा पुन्हां मंडळांत आला, पण लगेच नव्हे. तीन आठवडे तो दारापर्यंत येऊन परत जाई. फुकट आलों असें कोणी म्हणेल ही त्यास भीति. जुन्या छपाईयंत्रांतून मोटारी काढण्याचें काम आल्यावर मात्र तो आंत आला, कारण तें दुसऱ्या कोणास नीट साधत नव्हतें.

डब्यांत आजवर चार हजार एकशें वीस रुपये जमले. तीन गाड्या चालतात, दोन अपुऱ्या आहेत. कोणाच्या घरीं बंद पडलेलें छपाईयंत्र, मोडकें मोटारीचें खेळणें अगर जुना संगणक असल्यास शनिवारीं दुपारीं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत आणून द्यावा. जुन्या भ्रमणध्वनीचे किंवा लॅपटॉपचे फुगलेले सेल मात्र आणूं नयेत व मुलांनीं ते घरींही उघडूं नयेत. ते पेट घेतात.