व्हीटॅम: ऑप्शन फॉर्ममध्ये न दिसणारे करिअर

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावांतून दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो: एआय किंवा डेटा सायन्सची जागा कॅप फेरीत मिळाली नाही, तर ती व्यवस्थापन कोट्यातून घ्यावी काय? याचे स्पष्ट उत्तर 'घेऊ नये' असे आहे. कपाशी आणि सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराने केवळ शाखेच्या नावासाठी शेत गहाण टाकणे हा चुकीचा व्यवहार होय, कारण शाखेचे नाव गुणपत्रिकेवर छापले जाते आणि नोकरी मात्र विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय येते यावर ठरते. संगणक अभियांत्रिकी, बीसीए, बीएस्सी, पदविका या वाटांची माहिती सर्वत्र मिळते, आणि त्यांपैकी कोणत्याही वाटेने पुढे वर्णिलेल्या क्षेत्राकडे येता येते.

जगातील अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्या यांचे मूळ व्यवहार आजही मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकांवर चालतात. या यंत्रांच्या संपर्कजाळ्यासाठी आयबीएमने १९७४ मध्ये सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चर, म्हणजे एसएनए, ही रचना जाहीर केली, आणि तिचा कारभार मेनफ्रेमवरील व्हीटॅम हे सॉफ्टवेअर पाहते. पडदा, प्रिंटर किंवा प्रोग्राम यांपैकी प्रत्येकाचे जाळ्यात 'लॉजिकल युनिट' असते, ज्याचे नाव आठ अक्षरांहून मोठे नसते. अशा दोन युनिटांमध्ये ठरलेल्या अटींवर जुळणारा संवाद म्हणजे सेशन. एका वेळी किती मजकूर पाठवायचा, समोरच्या बाजूला झेपेल अशी कोणती गती ठेवायची, पडद्याच्या ओळी आणि स्तंभ किती, या अटी 'लॉगमोड' नावाच्या नोंदीत लिहिलेल्या असतात. ४३ ओळींच्या पडद्याला २४ ओळींची नोंद लावली, तर उरलेल्या १९ ओळींचा उपयोगच होत नाही.

खरा कस लागतो तो मार्ग ठरवताना. लॉगमोडमध्येच 'क्लास ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवावर्ग, नमूद करता येतो. त्या वर्गाच्या कोष्टकात आभासी मार्ग पसंतीक्रमाने मांडलेले असतात आणि प्रत्येकाला ०, १ किंवा २ अशी प्राथमिकता दिलेली असते, ज्यांत २ ही सर्वांत वरची. तो आभासी मार्ग कोणत्या प्रत्यक्ष मार्गाने, पुढच्या कोणत्या टप्प्यातून जाईल, हे 'पाथ' विधाने सांगतात. छपाईच्या अवजड फायली आणि बँकेच्या काउंटरवरील पडदा एकाच मार्गावर, एकाच प्राथमिकतेने सोडले, तर फायलींच्या लोंढ्यामागे कारकून आणि त्याच्यासमोरचा खातेदार दोघेही खोळंबतात. आणि कोष्टकातील एकमेव मार्ग पाथ विधानात लिहायचा राहिला, तर दोन्ही टोकांची यंत्रे ठणठणीत असूनही सेशन जुळत नाही. अशी चूक शांतपणे वाचून शोधणारा माणूस घडायला वर्षे लागतात, आणि त्याची किंमतही तशीच असते.

हे तंत्रज्ञान मेले, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जुने संपर्क-नियंत्रक बहुतांशी निवृत्त झाले, परंतु एसएनएची वाहतूक आता 'एंटरप्राइज एक्स्टेंडर'द्वारे आयपी जाळ्यावरून जाते, आणि टीएन३२७० या आयपीवरील पद्धतीने उघडलेल्या पडद्यालाही मेनफ्रेमवर व्हीटॅमचे युनिट लागतेच. त्यामुळे आयपी आणि एसएनए दोन्ही जाणणाऱ्याला मान आहे. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली आणि १९९२ मध्ये परतली. पुढे २००० सालच्या तारीख-दुरुस्तीच्या कामातून पुण्या-मुंबईतील अनेक मराठी तरुण मेनफ्रेमकडे वळले, आणि ती पिढी आता पन्नाशी ओलांडत आहे.

तरीही येथे जागा मोजक्याच असतात, हे पालकांनी नीट ऐकावे. नवख्याला थेट व्हीटॅमचे काम क्वचितच मिळते. सुरुवात बहुधा ऑपरेशन्स किंवा सपोर्टमधून, रात्रपाळीने होते. ज्या मुलाला बारीक नोंदी तपासण्याचा कंटाळा येतो, त्याला वडिलांच्या आग्रहाखातर येथे ढकलणे हे त्याला एआयमध्ये ढकलण्याइतकेच वाईट आहे. 'शेजाऱ्याच्या मुलाला किती पॅकेज मिळाले' हा निकष तर घराबाहेरच ठेवावा, कारण त्या आकड्यात मुलाची आवड, कुवत आणि सहनशक्ती यांपैकी काहीच दिसत नाही.

परीक्षा करून पाहण्यास पैसे लागत नाहीत. 'आयबीएम झेड एक्सप्लोअर' हा अभ्यासक्रम मोफत आहे. 'हर्क्युलिस' हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर एमव्हीएस ३.८ ही जुनी मेनफ्रेम प्रणाली चालवते, आणि तिच्यातील 'सिस१.व्हीटॅमएलएसटी' या संग्रहात खऱ्या नोंदी उघडून वाचता येतात. कोणत्याही क्लासची फी भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने ही दोन साधने महिनाभर वापरावीत, आणि त्यानंतरही त्या नोंदी वाचाव्याशा वाटल्या नाहीत, तर पालकांनी त्याला दुसरी वाट विनातक्रार निवडू द्यावी.