शंभर डॉलरचा कॅमेरा

'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ज्याला कष्टाने पैसा मिळवावा लागतो, त्याला हौसेचेही मोल मोजावे लागते. ते मोजावे की न मोजावे, हा प्रश्न एका शेतकऱ्याच्या घरात एकदा उभा राहिला.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचे गाव आहे. तेथे हिवाळ्यात विपुल हिमवर्षाव होतो. या गावी १८६५ साली विल्सन बेंटली याचा जन्म झाला. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने आपला जुना सूक्ष्मदर्शक मुलाला दिला. त्यातून विल्सनने हिमकण पाहिला आणि तो थक्क झाला. षट्कोनी चांदणीसारखी ती रेखीव आकृती! तो तिचे चित्र काढू लागे. पण चित्र पुरे होण्यापूर्वीच कण वितळून जाई.

हे क्षणभंगुर सौंदर्य टिकवायचे, तर छायाचित्राखेरीज उपाय नव्हता. त्यासाठी लागणारा कॅमेरा व सूक्ष्मदर्शक यांची किंमत होती १०० डॉलर. शेतीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हती. वडिलांना हे सारे पोराचे खूळ वाटले, आणि त्यात नवल नव्हते. पैसा त्यांच्या घामाचा होता. पण आईने आग्रह धरला. अखेर वडिलांनी मन घट्ट करून पैसे दिले.

पुढे कितीतरी प्रयत्न फसले. शेवटी १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र उमटले. तेव्हा विल्सन १९ वर्षांचा होता. गारठलेल्या खोपटात उभे राहून तो काळ्या फळीवर हिमकण झेली, निवडक कण काडीने उचलून काचेवर ठेवी आणि पिसाने अलगद बसवी. श्वासाच्या उबेनेही कण वितळेल, म्हणून तो श्वास रोखून धरी.

असे त्याने आयुष्यभर केले. ५,००० हून अधिक छायाचित्रे त्याने घेतली, तीही त्याच कॅमेऱ्याने! छायाचित्राची एकेक प्रत तो अवघ्या ५ सेंटला देई. १९२५ साली त्याने हिशेब सांगितला, तो असा: वेळ व साहित्य मिळून खर्च १५,००० डॉलर, प्राप्ती ४,००० डॉलरहूनही कमी. तरीही त्याने काम थांबविले नाही. १९३१ साली त्याच्या छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे निधन झाले. हिमकणांची ती चित्रे मात्र आजही अभ्यासक कौतुकाने पाहतात.

मग हा छंद महाग होता काय? वहीतील आकडे पाहिले, तर होता. परंतु चार दिवस मिरवून कपाटात पडून राहणारी वस्तू स्वस्त मिळाली, तरी महागच पडते. आणि जन्मभर हाताखाली राबणारी वस्तू महाग घेतली, तरी तिचे मोल फिटते. पैसा प्रथम घरच्या गरजांसाठी असावा, हे वडिलांचे म्हणणे खरे होते. उरलेल्या पैशाचे काय करावे, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. बेंटलीने ते एकदा ठरविले आणि जन्मभर पाळले.

स्वाध्याय
१. विल्सनला कॅमेऱ्याची गरज का भासली?
२. वडिलांची अडचण तुमच्या शब्दांत सांगा.
३. तुमच्या घरातील कोणत्या वस्तूचे मोल फिटले आहे? का, ते लिहा.