विहिरीचे काम : उक्ते द्यावे की मोजून?

विहिरीची जागा ठरली, पैशाची तजवीज झाली, की काम कोणत्या पद्धतीने द्यावे हा प्रश्न येतो. बीड जिल्ह्यात साधारण तीन पद्धती दिसतात. संपूर्ण विहीर ठरीव रकमेत गुत्तेदाराच्या अंगावर देणे, म्हणजे उक्ते काम. थराप्रमाणे दर ठरवून झालेल्या कामाचे मोजून पैसे देणे. आणि यंत्र तासावर व मजूर रोजावर लावून काम स्वतः करून घेणे.

उक्ते काम सोयीचे वाटते. परंतु जमिनीखाली काय आहे हे ना शेतकऱ्याला दिसते, ना गुत्तेदाराला. गेवराई, माजलगावच्या गोदाकाठी काळ्या मातीचा थर जाड, म्हणून कडा ढासळण्याची भीती. पाटोदा, आष्टीकडे बालाघाटावर थोड्याच खोलीवर खडक. ही जोखीम गुत्तेदार फुकट घेत नाही. तो एक तर आकडा वाढवून सांगतो, नाही तर कमी सांगून काम घेतो आणि काळा पाषाण लागताच सोडून जातो. मग अर्धवट विहिरीवर येणारा दुसरा गुत्तेदार अडलेल्या माणसाचा दर लावतो.

म्हणून खोदाई मोजूनच द्यावी. माती, मुरूम, कच्चा खडक व पाषाण यांचे दर वेगळे ठरवावेत. थर बदलला की त्याच दिवशी दोघांनी टेप लावून वहीत नोंद व सह्या कराव्यात. खोलीबरोबर व्यासही मोजावा. 6 मीटर व्यासाच्या विहिरीचा 1 मीटर थर म्हणजे सुमारे 28 घनमीटर, 10 ब्रास. व्यास साडेपाच मीटरच भरला तर हेच काम 8.4 ब्रास होते. 12 मीटर खोलीत 19 ब्रास कमी! दर नुसता फुटावर ठरला असेल तर ही तूट कोणाच्या ध्यानातही येत नाही. पाणी न लागण्याची जोखीम मात्र शेतकऱ्याचीच. त्यासाठी खोदाईचे पैसे अडवू नयेत.

तासावरचे यंत्र वरच्या मातीपुरते ठीक. पुढे दिवसभर कामावर उभा राहणारा घरचा माणूस असेल तरच ही पद्धत परवडते.

कड्याच्या बांधकामाचे मोजमाप आधीच काढता येते, तेव्हा ते उक्ते देण्यास हरकत नाही. सिमेंट व सळई स्वतः आणून फक्त मजुरी ठरविणे अधिक चांगले. जाडी, मालाचे प्रमाण आणि किती दिवस पाणी मारायचे, हे कागदावर लिहून घ्यावे.

उचलीचा हिशेब कसा गुंतत जातो, हे ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भागाला सांगायला नको. पहिली उचल लहान ठेवावी, पुढचे हप्ते मोजणीनंतर द्यावेत आणि बांधकामाचा दहावा हिस्सा कडे एक पावसाळा टिकेपर्यंत राखून ठेवावा. सुरुंग परवानाधारकानेच उडवावा आणि मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हेही करारात असावे. अनुदानाची विहीर असल्यास सही करण्यापूर्वी योजनेच्या अटी वाचाव्यात. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने तर कामावर गुत्तेदार लावण्यास मनाईच केली होती.